चामड्याचा सरस आणि बाबासाहेबांचं व्हायोलिन

मागच्या बैठकीत आपल्यातल्याच एका जाणत्या साथीनं मला सगळ्यांदेखत टोकलं. "तू म्हणं व्हायोलिन बनवायला शिकतोस. मंग क्रांतीचं काय? ती सुतारनेटावर रंधा मारून काढायची का?" सगळे हसले. मीपण हसलो. कविता करणाऱ्याला असल्या हसण्याची सवय असते.

दुसरा टोला गावाकडनं बसला. चकलांब्याला, माझ्या आज्याकडनं. तो हसण्यावारी नेता आला नाही. आजा म्हणाला, "माझ्या बापानं ढोरं वढणं सोडलं. अन् तू शिकायला जाऊन चामडं शिजीवतूस व्हय रं?"

या दोघांना उत्तर द्यायचं म्हणून हे लिहितोय. तोंडावर बोलायला गेलं की माझं गाडं रुतून बसतं.

मी गेवराई तालुक्यातल्या चकलांब्याचा. जिल्हा बीड. दहावी पास, तीही दुसऱ्या झटक्यात. दिवाळी झाली की माय-बाप कोयता घेऊन कारखान्याच्या तोडीवर जातात. मला कोयता नको होता म्हणून मुंबई गाठली आणि गोदीत कंत्राटी हमाल झालो. म्हणजे कोयता सुटला आणि लोखंडी रॉड हातात आला. जहाजावरचे कंटेनर एकमेकांना जखडायचे, सोडायचे. मुकादम इथंही आहे, उचल इथंही आहे. तीन वर्षांमागं एक रॉड निसटला आणि डाव्या हाताचं करंगळीशेजारचं बोट चेचलं. ठेकेदारानं मलमपट्टीचे पैसे दिले, कागदावर अंगठा घेतला, विषय संपवला. मी सही करतो म्हणलो तर म्हणाला, अंगठाच बरा. बोट राहिलं, पण ते आता वाकत नाही.

त्याच्या पुढच्या १ जानेवारीला आपण भीमा कोरेगावला गेलो होतो. दुसऱ्या दिवशी पुण्यात थांबून आम्ही तिघं-चौघं सेनापती बापट रोडला सिम्बायोसिसच्या संग्रहालयात गेलो. बाबासाहेबांच्या वापरातल्या वस्तू तिथं जपून ठेवल्यात. बघत बघत पुढं सरकलो आणि थबकलो. समोर व्हायोलिन.

पुतळ्यातले बाबासाहेब आपल्याला पाठ आहेत. कोट, चष्मा, पुस्तक, वर केलेलं बोट. व्हायोलिन धरलेले बाबासाहेब मी कुठल्याच चौकात बघितले नव्हते. पण ते खरं आहे. उतारवयात ते व्हायोलिन शिकत होते. १९२७ साली मनुस्मृती जाळलेला माणूस, संविधान लिहिलेला माणूस, हातात गज धरून नवशिक्यासारखा बसला. चुकत असणार. तार किरकिरत असणार. नवशिका होण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही. आणि आपल्याला? आपण सगळे जन्मताच पुढारी.

मलाही शिकावंसं वाटलं. पण व्हायोलिनला डाव्या हाताची चार बोटं लागतात, आणि माझी तीनच चालतात. वाजवणं तिथंच संपलं. मग डोक्यात आलं, वाजवता येत नसंल तर बनवता का येऊ नये? पटाशी धरायला तीन बोटं आणि अंगठा बास होतात.

मुंबईत एका जुन्या गल्लीत एक म्हातारा मिस्त्री व्हायोलिनं दुरुस्त करत बसतो. त्यानं माझी जात विचारली नाही, म्हणून मी त्याची सांगणार नाही. रविवारी पाळी नसली की जायचो. पहिले चार महिने त्यानं नुसती धार लावून घेतली. पटाशीला, रंध्याच्या पात्याला, चाकूला. मनगटावरचे केस उडले की म्हणायचा, आता दुसरी.

मग अंगाची ओळख. या वाद्याच्या भागांना माणसाचीच नावं आहेत. वरची फळी म्हणजे पोट, खालची पाठ, कडेच्या पट्ट्या म्हणजे बरगड्या, मग मान, मग डोकं. बारीकसारीक धरून सत्तराच्या वर तुकडे. पोट स्प्रूसचं, म्हणजे थंड मुलखातल्या सुईच्या पानांच्या झाडाचं. पाठ, बरगड्या आणि मान मेपलची. बोटं ठेवायची पट्टी आबनुसाची. बरगडी जेमतेम एक मिलिमीटर जाड. ती ओली करून तापलेल्या नळीवर वाकवायची. घाई केली की कडाडून मोडते, रेंगाळलं की करपते. मी अकरा मोडल्या.

स्प्रूस विकत घ्यायला पैसे कुठले? पण हमालाची नजर लाकडावर असतेच. जहाजात माल हलू नये म्हणून खाली आणि मधी लाकडं घालतात. गोदीत त्याला डनेज म्हणतात. परदेशातनं आलेलं पाईन आणि स्प्रूस असतं. माल उतरला की ते भंगारात जातं. मी भंगारवाल्याकडनं किलोवर घेतलं. लाकडावर शिक्का असतो. 'एच.टी.' असंल तर लाकूड तापवून किडा मारलेला. 'एम.बी.' असंल तर विषारी वायूची धुरी दिलेली, त्याला हात लावायचा नाही. हे ज्ञान मला मिस्त्रीनं नाही, गोदीनं दिलं. शंभर तुकड्यांत एखादा असा निघतो की त्याच्या रेषा बारीक, सरळ आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत न तुटता जातात. उस्तादांच्या कामाचं लाकूड नव्हे ते. पण नवशिक्याला चालतं.

पहिलं पोट मी वाया घालवलं. फळीला बाहेरनं घुमट कोरायचा, मग आतनं पोखरत साधारण तीन मिलिमीटरवर आणायचं. मी पोखरत गेलो आणि एका रविवारी पटाशीचं टोक पलीकडं निघालं. मिस्त्री म्हणाला, "झकास. आता ह्याला नळ बसव." दोन महिन्यांचे रविवार पाण्यात गेले. पुन्हा पहिल्यापासून.

आणि मग सरसाचा दिवस आला.

सरसाचे तपकिरी खडे रात्रभर पाण्यात भिजत घालायचे. सकाळी ते फुगून लिबलिबीत होतात. मग एका भांड्यात पाणी, त्यात दुसरं भांडं, आणि मंद आचेवर साठ अंशाच्या आसपास ठेवायचं. वाफ आली आणि मी एकदम मागं सरलो. तो वास मी आयुष्यात कधी घेतला नव्हता. तरी ओळखीचा वाटला. आमच्या घरात तो वास गोष्टीतनं आलेला आहे. सरस कशाचा असतो? मेलेल्या जनावराच्या कातड्याचा, हाडांचा.

आता नीट ऐका. व्हायोलिन जोडलेलं असतं ते कातड्याच्या सरसानं. त्याची जुनी तार म्हणजे मेंढीच्या आतड्याची तात. त्याच्या गजाला घोड्याच्या शेपटीचे केस. इटलीत क्रेमोना नावाचं गाव आहे. तिथल्या स्ट्रॅडिव्हारीनं १७२१ साली केलेलं 'लेडी ब्लंट' नावाचं व्हायोलिन २०११ साली लिलावात १ कोटी ५९ लाख डॉलरला गेलं. त्या जमान्यात क्रेमोनात व्हायोलिन जोडायला हाच सरस होता.

बाजारात नवे गोंद ढिगानं असताना कारागीर अजून सरसच का धरून बसलेत? कारण सरस सुटतो. ओल आणि ऊब दिली की सांधा उघडतो, आतलं दुरुस्त करून पुन्हा लावता येतं. ताण वाढला तर सांधा सुटतो, लाकूड फुटत नाही. म्हणून तीनशे वर्षांची वाद्यं आजही वाजतात. मैफलीत शुद्ध सूर म्हणून माना डोलतात, त्या सुराला धरून ठेवणारं मेलेलं जनावर असतं. हे त्या डोलणाऱ्या मानांना कुणीतरी एकदा सांगा.

क्रेमोनात सरस शिजवणारा बाटत नाही. तिथं १९३८ पासून व्हायोलिन बनवायची शाळा आहे, आणि २०१२ साली युनेस्कोनं त्या कसबाला मानवजातीचा वारसा म्हणून मान दिला. आणि इथं? ११ जुलै २०१६ ला गुजरातेत उना तालुक्यात मेलेल्या गाईचं कातडं काढणाऱ्या आपल्या पोरांना गाडीला बांधून लोखंडी पाइपांनी मारलं, आणि मारणाऱ्यांनीच त्याचं चित्रण फिरवलं.

गज फिरवणाऱ्याचं काय झालं तेही सांगतो. माझ्या लहानपणी गावात किंगरीवाला यायचा. करवंटीवर ताणलेलं चामडं, एक काठी, तार आणि घोड्याच्या केसाचा गज. लक्षात घ्या, व्हायोलिनची सगळी तत्त्वं त्यात आहेत. तो नाथपंथी डवरी गोसावी. आम्ही पोरं त्याच्या मागं मागं फिरायचो. १ जुलै २०१८ ला त्याच समाजाची पाच माणसं धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला जमावानं ठेचून मारली. पोरं पळवणारी टोळी आली अशी अफवा होती. पोटासाठी फिरणारी माणसं होती ती, मंगळवेढ्याकडची.

कातडं काढणाऱ्याला उन्यात मारलं, गजवाल्याच्या भावाबंदांना राईनपाड्यात. आणि दोन्हीच्या मेहनतीतनं जे वाद्य होतं ते सभागृहात मखमली पेटीत.

आता आज्याची गोष्ट.

मिस्त्रीनं सांगितलं होतं, पोट बरगड्यांवर बसवून पेटी बंद करायची ती कोरड्या हवेत कर. दमट हवेत फुगलेलं लाकूड बंद केलं की पुढं कोरड्या जागी ते आकसतं आणि तडकतं. कोरड्यात बंद केलेलं दमट हवेत फुगतं, पण वाचतं. कोरडी हवा पाहिजे? मराठवाड्याकडं दुसरं काय आहे? भीमजयंतीला गावी जाताना सगळं गोणपाटात गुंडाळून चकलांब्याला नेलं.

घरापुढं लिंबाखाली तीन दगडं मांडली, सरस चढवला. पोरं जमली. एकजण म्हणाला, डीजेची वर्गणी द्यायची सोडून हे काय काढलंस. आजा ओट्यावर पाठ करून बसला होता. वरचं वाक्य त्यानं तेव्हाच टाकलं. त्याच्यानंतर कुणी बोलंना. मी खाली मान घालून बोल्ट आणि लाकडी चकत्यांचे शिकंजे लावायची तयारी करत होतो. माझं चुलीकडं ध्यान नव्हतं.

आजा मागं न बघता म्हणाला, "जाळ काढ. उकळला की त्यातली ताकद जाती."

मी जाळ ओढला. म्हणलो, "आज्या, तुला कसं ठावं?"

बराच वेळ बोलला नाही. मग भिंतीकडं तोंड करूनच सांगायला लागला. पिंजारी यायचा त्याच्या धनुकलीच्या तातीसाठी. आतडं धुवायचं, राखंनं खरवडायचं, दोन मेखांमधी ताणायचं आणि पीळ द्यायचा. पीळ सारखा पडला पाहिजे, न्हाईतर तात तुटती. "माझी बोटं बारीक हुती. म्हून पीळ मलाच द्यायला लावायचे. सात-आठ वर्साचा असंन."

सत्तर वर्षं हे त्यानं घरात कुणालाच सांगितलं नव्हतं. माझ्या बापालाही नाही. मी म्हणलो, "आज्या, ही तर इद्या हाय. परदेशात ह्याची शाळा हाय."

तेव्हा तो वळला. म्हणाला, "असंल इद्या. पर मला कुणी शिकतूस का म्हून इचारलं न्हवतं. अन् न्हाई म्हनायची सोय न्हवती."

दोस्तांनो, माझं सगळं म्हणणं आज्याच्या या दोन वाक्यांत आलं. पुढचं मी फक्त उलगडून सांगतो.

१९२७ साली महाडला बाबासाहेबांनी मेलेली ढोरं ओढणं सोडा म्हणून सांगितलं. आपण सोडलं. बरोबरच केलं. माझ्या समजुतीनं तो नकार चामड्याला नव्हता, सक्तीला होता. ज्या कामाला नाही म्हणता येत नाही ते काम म्हणजे गुलामी, मग ते चामड्याचं असो की चंदनाचं. आणि जे काम मी चार जागी हिंडून, माझा रविवार घालून, माझ्या मर्जीनं शिकलो ते माझं काम. सरस तोच. वास तोच. पण माझ्या आज्याच्या हातात तो जातीनं दिला होता. माझ्या हातात मी घेतला.

हा फरक सरकारला कळत नाही असं समजू नका. चांगला कळतो. १७ सप्टेंबर २०२३ ला, म्हणजे नेमक्या मराठवाडा मुक्तिदिनी, केंद्र सरकारनं पीएम विश्वकर्मा योजना सुरू केली. सुतार, लोहार, कुंभार, चांभार, न्हावी, परीट, गवंडी असे अठरा धंदे. नियमात शब्द काय, तर कुटुंबावर आधारलेले पारंपरिक धंदे. म्हणजे बापाची आरी पोराच्या हातात, आणि त्याला कर्ज व प्रमाणपत्र. १९५३ साली मद्रास राज्यात राजाजींनी शाळेतल्या पोरांनी अर्धा दिवस घरचा धंदा शिकावा अशी योजना आणली होती. लोक खवळून उठले आणि १९५४ साली राजाजींना खुर्ची सोडावी लागली. अवजाराला पैसे मिळाले तर कुणाला नको आहेत? ज्याला घ्यायचेत त्यानं घ्यावेत. पण मला सांगा, चकलांब्याच्या बौद्धाच्या पोराला व्हायोलिन बनवायचंय, त्याला या अठरांत कुठल्या रकान्यात बसवणार? वाद्य बनवणारा त्या यादीत नाहीच. आणि घराण्याबाहेरचा नवशिका तर कुणाच्याच ध्यानात नाही.

कसब रक्तातनं येतं म्हणतात ना, त्यांना मिरजेला न्या. मिरजेचे सतार-तंबोरे देशभर जातात. २०२४ मध्ये त्यांना भौगोलिक मानांकन मिळालं. ते घडवणारे शिकलगार. त्यांचे बापजादे तलवारींना धार लावायचे. तलवारीचा जमाना गेला तेव्हा त्यांनी पंढरपूरकडचे भोपळे आणले आणि तंबोरा शिकून घेतला. कुणाच्या रक्तात तंबोरा होता? फरीदसाहेब शिकलगारही कधीतरी नवशिकेच होते. हातानं ठरवलं की हात बदलतो.

आता माझ्या साथीला उत्तर. तो म्हणतो, व्हायोलिन गोऱ्या साहेबाचं आणि वरच्या लोकांचं वाद्य; आपली हलगी. हलगी आपली, कबूल. पण पेटी तरी कुठं इथली होती? तीही युरोपातनंच आली. आणि वामनदादांच्या गाण्याला साथ करून करून ती आपली झाली. वाद्याला जात नसते. जात असते ती वाद्याच्या आसपासच्या माणसांना. गजाननराव जोशी, व्ही. जी. जोग, डी. के. दातार, मोठे वादक होते, त्यांच्या मोठेपणाला सलाम. पण त्यांच्या हातातलं वाद्य कुणी घडवलं, हे टाळ्या वाजवणाऱ्यांतल्या किती जणांनी कधी विचारलं? उत्तर प्रदेशात रामपूरला व्हायोलिनं बनवणारे कारागीर आहेत. चीनच्या स्वस्त मालानं त्यांना पार चेपलंय. त्यांच्यावर पुरवणीत लेख येत नाहीत. वाजवणाऱ्याचं नाव पाटीवर, बनवणाऱ्याचं भुशात.

म्हणून मी म्हणतो, आपण कविता केल्या, गाणी केली, जलसे केले. आपल्या पोरांनी आता अवजारंही हातात घ्यावीत, आणि बापाची नव्हेत, आपल्या पसंतीची. जिथं आपल्याला कुणी बोलावलेलं नाही अशा कारखान्यात, गल्लीत, सुतारनेटावर जाऊन बसावं. चुकावं. पोटाला भोक पाडावं. पुन्हा करावं. आपल्या पोरांकडनं लोकांना एकदम बॅरिस्टर पाहिजे असतो नाहीतर गटारसाफ. मधला, चुकतमाकत शिकणारा माणूस आपल्याला परवडत नाही असं आपणही मानून बसलोय. चुकायची सवड ही सगळ्यात मोठी सवलत आहे, आणि ती कुठल्याही यादीत नाही. मी ती गोदीच्या पाळ्या बदलून, झोप मोडून, वर्गणी चुकवून मिळवतोय. वर्गणी देईन, थांबा.

याचं पोट भरणार नाही, हेही सांगून टाकतो. दुकानात चीनचं व्हायोलिन चार-पाच हजारांत मिळतं. माझ्या रविवारांचा हिशेब केला तर माझं कुणी घेणार नाही. उद्यापण मी गोदीतच जाणार आहे. कुणाला स्वप्न विकायला मी बसलेलो नाही.

एक शेवटची गोष्ट. व्हायोलिनच्या पोटात एक बारकी काडी असते, करंगळीहून बारीक. घोडीच्या एका पायाच्या जरा मागं, पोट आणि पाठ यांच्या मधी उभी. तिला सरस लावत नाहीत. चार तारांचा मिळून ताण वीस किलोच्या वर, त्यातला दाब घोडीवाटे खाली येतो, आणि त्या दाबावरच ती उभी राहते. अर्धा मिलिमीटर सरकली की आवाज बदलतो. तारा सोडल्या की पडते. इटलीतले लोक तिला आत्मा म्हणतात. मिस्त्रीनं हे सांगितलं तेव्हा मी म्हणलो, आम्ही बौद्ध, आम्ही आत्मा मानत नाही. तो म्हणाला, "मग हमाल म्हण. वजन तोच उचलतो." तेव्हापासनं मी तिला हमालच म्हणतो.

माझं व्हायोलिन अजून झालेलं नाही. पेटी बंद झाली, मान बसायची आहे, रोगण राहिलंय. पावसाळ्यात मुंबईच्या हवेनं खालच्या अंगाला दोन इंच सांधा उघडला. आज्याला फोनवर सांगितलं तर म्हणाला, "सरस पातळ झाला आसंल. आवंदा घट्ट कर." आता दिवाळीत माय-बाप तोडीवर निघायच्या आत गावाला जाईन, गरम पाण्यानं तेवढा सांधा सोडवीन आणि पुन्हा लावीन. या वेळी जाळावर आजा बसणार आहे. त्यानंच सांगितलंय, आणि या वेळी त्याला कुणी लावलेलं नाही.

जयभीम.